ज्याची गोष्ट, तोच पहिला वाचक

१९७२ साली अमेरिकेतल्या एकाच डोंगराळ परगण्याची दोन चित्रं जगापुढे आली. हा परगणा जॉर्जिया राज्याच्या ईशान्य टोकाला ॲपलेशियन डोंगरांत आहे आणि त्याचं नाव रेबन. पहिलं चित्र ‘डिलिव्हरन्स’ या हॉलिवूडच्या सिनेमाचं होतं. अटलांटाचे चार मित्र होडी वल्हवत नदीच्या सहलीला निघतात आणि डोंगरातली माणसं त्यांच्यावर तुटून पडतात, अशी त्याची कथा. चित्रीकरण बरंचसं रेबनमध्ये आणि तिथल्या चटूगा नदीवर झालं. सिनेमा तुफान चालला आणि डोंगरातला माणूस म्हणजे रानटी, हा शहरी समज आणखी घट्ट झाला.

दुसरं चित्र ‘द फॉक्सफायर बुक’ या पुस्तकाचं. त्यातही तीच डोंगरातली माणसं होती. पण ती ओंडक्यांचं घर कसं उभारायचं, डुक्कर कापल्यावर त्यातलं काहीच वाया कसं जाऊ द्यायचं नाही, चंद्र कुठल्या राशीत असताना काय पेरायचं, हे सांगत होती. त्यांना बोलतं करणारी होती त्याच परगण्यातल्या शाळेची मुलं.

सिनेमावाले काम आटोपून निघून गेले. मुलांना तिथेच राहायचं होतं. ज्या म्हाताऱ्याची मुलाखत छापली, तो रविवारी चर्चमध्ये भेटणार होता, त्याची नात वर्गात शेजारी बसणार होती. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातल्या माणसांच्या गोष्टी सांगण्याच्या या पत्रकारितेचं बळ त्यातच आहे आणि जबाबदारीही. ज्याची गोष्ट लिहिली, तोच पहिला वाचक असतो.

रेबन गॅप, १९६६

एलियट विगिंटन हा कॉर्नेल विद्यापीठातून शिकून आलेला तरुण १९६६ साली रेबन गॅप–नाकूची या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला लागला. वर्ग त्याला जुमानेना. एका मुलाने तर त्याच्या टेबलावरचा वाचनाचा स्टँड पेटवायचा प्रयत्न केला. शेवटी त्याने मुलांनाच विचारलं की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आपण एक मासिक काढूया का.

शाळेकडे त्यासाठी पैसे नव्हते. मुलं दारोदार फिरली, दुकानदारांकडून, ओळखीपाळखीच्या लोकांकडून वर्गणी आणली, आणि साडेचारशे डॉलरच्या आसपास रक्कम जमली. देणगीदाराला सगळ्या मुलांच्या सह्यांचा अंक द्यायचं ठरलं. मार्च १९६७मध्ये पहिला अंक निघाला. कुजलेल्या लाकडावर वाढणारी आणि अंधारात मंद उजेड देणारी एक बुरशी त्या डोंगरांत आढळते. तिचं ‘फॉक्सफायर’ हे नाव मुलांनी मासिकाला दिलं. अंकाच्या सहाशे प्रती हातोहात खपल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या.

पहिल्या अंकात कविता आणि कथाही होत्या. लोकांनी मात्र उचलून धरल्या त्या मुलांनी गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून लिहिलेल्या गोष्टी. त्यात निवृत्त शेरीफने १९३६ साली क्लेटन गावच्या बँकेवर पडलेल्या दरोड्याची हकीकत सांगितली होती. ती घटना गावातल्या अनेकांनी पाहिली होती. चूक झाली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी शाळेच्या दारात येऊन ती सांगितली असती. मुलांना पहिल्याच अंकात असा वाचक मिळाला, ही मला या उपक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. वर्गातला निबंध एकटे गुरुजी वाचतात आणि त्यांना विषयापेक्षा शुद्धलेखनात जास्त रस असतो. इथे वाचणाऱ्याला विषय लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

ॲरीआजी

फॉक्सफायरने जगापुढे आणलेल्या माणसांत सगळ्यात लाडकी ठरली ती ॲरी कार्पेंटर. शेजारच्या उत्तर कॅरोलायना राज्यातल्या डोंगरात, ओंडक्यांच्या घरात ती एकटी राहायची. घरात नळ नव्हता, पाणी विहिरीतून ओढायचं, स्वयंपाक चुलीवर. मुलं तिच्याकडे गेली तेव्हा ती डुकराच्या मुंडक्यातून डोळे काढायच्या खटपटीत होती. ते तिच्या एकटीच्या हाताने होत नव्हतं. मुलांनी टेपरेकॉर्डर चालू ठेवला आणि तिला हात दिला.

एखाद्या बातमीदाराने अशा वेळी काम संपेपर्यंत थांबून मग तिला खुर्चीवर बसवलं असतं आणि ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असं विचारलं असतं. मुलांनी तसं केलं नाही, म्हणून त्या मुलाखतीत हातातल्या कामाबरोबर येणारं बोलणं आहे. मध्येच सूचना, मध्येच हसणं, मध्येच मेलेल्या नवऱ्याची आठवण. काम करता करता माणूस जे बोलतो ते प्रश्नोत्तरांत सापडत नाही, हे मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. घरी आजीला भाजी निवडायला मदत करताना ती बोलते, हे प्रत्येक मुलाला माहीत असतंच.

मुलं तिच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. १९७८ साली ती गेली. १९८३मध्ये तिच्या एकटीवरचं वेगळं पुस्तक निघालं. तिच्यावर बेतलेलं पात्र असलेलं ‘फॉक्सफायर’ हे नाटक १९८२ साली ब्रॉडवेवर आलं आणि त्या भूमिकेसाठी जेसिका टँडीला टोनी पुरस्कार मिळाला.

पुस्तकाचे पैसे कुणाचे?

मासिकातला निवडक मजकूर डबलडे या प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपात काढला. पहिल्या खंडापाठोपाठ दुसरा, तिसरा, असं करत २००४पर्यंत बारा क्रमांकित खंड झाले आणि मालिकेच्या लाखो प्रती खपल्या. तो काळ शहर सोडून जमिनीकडे परतू पाहणाऱ्या अमेरिकन तरुणांचा होता, त्यांनी ती पुस्तकं हातात घेऊन घरं बांधली.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो अशा प्रत्येक उपक्रमापुढे कधी ना कधी येतोच. गोष्ट सांगितली म्हाताऱ्यांनी, लिहिली मुलांनी, नाव झालं शिक्षकाचं, तर मानधन कुणाचं? फॉक्सफायरने ते एका विश्वस्त निधीत ठेवलं. त्यातून माउंटन सिटी गावाजवळ डोंगरउतारावर जमीन घेतली आणि पडायला आलेली जुनी लाकडी घरं सोडवून आणून तिथे पुन्हा उभी केली. आज ते संग्रहालय आहे. मुलांच्या पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्त्या दिल्या. हा मार्ग मला बराच न्याय्य वाटतो. पण जिने मुंडकं साफ करता करता मुलाखत दिली, तिच्या घरात त्यातलं काय पोचलं, हा प्रश्न तरी उरतोच. तो आधी बोलून, कागदावर आणून मगच टेप चालू करणं चांगलं.

दोन गंभीर दोष

पहिला दोष दृष्टीचा. जुनं तेवढं सोनं, या भावनेने मुलं म्हाताऱ्यांकडे जात होती. त्यामुळे चरखा, साबण, गोधड्या भरभरून आल्या. पण जमिनी विकत घेणारे शहरी लोक, गिरणीतली नोकरी, रस्ते, पर्यटन हा त्या म्हाताऱ्यांचा वर्तमानकाळ मागे पडला, अशी टीका झाली आणि ती बरोबर होती. पुढे मुलांनी विषयांचा परीघ वाढवला. १९६१मध्ये बंद पडलेल्या टलूला फॉल्स या छोट्या रेल्वेमार्गावर त्यांनी अख्खं पुस्तक केलं. त्यात गाडीचे चालक आहेत, रूळ टाकणारे मजूर आहेत. जुन्या काळाविषयी विचारायचंच नाही, असं टीकेचं म्हणणं नव्हतं. आजविषयीही विचारा, एवढंच.

दुसरा दोष गुन्हा होता. १९९२ साली विगिंटनने एका अल्पवयीन मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप न्यायालयात कबूल केला आणि त्याला तुरुंगवास झाला. ज्या शिक्षकाला तीनच वर्षांपूर्वी मॅकार्थर फेलोशिप मिळाली होती, देशभरातले शिक्षक ज्याच्याकडे शिकायला येत, त्याचं हे रूप होतं. फॉक्सफायरविषयी लिहिताना हे गाळून पुढे जाणारे लेख बरेच आहेत. ते योग्य नाही. ज्या उपक्रमात मुलं शाळेबाहेर, शाळेच्या वेळेबाहेर, एका वलयांकित मोठ्या माणसाच्या भरवशावर हिंडतात, तिथे मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था त्या माणसाच्या चांगुलपणावर सोडायची नसते. दोन मोठी माणसं सोबत, पालकांना ठिकाण आणि वेळ माहीत, मूल एकटं कुणाबरोबर जाणार नाही, हे नियम कुणावर संशय म्हणून करायचे नसतात. ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखे लागू असले की कुणाचा अपमानही होत नाही.

संस्था मात्र त्या माणसाबरोबर बुडाली नाही. मासिक १९७७पासून परगण्याच्या सरकारी माध्यमिक शाळेत आलेलं होतं, मुलं नव्याने येत होती, आणि विगिंटन गेल्यावरही अंक निघत राहिले. काम मुलांचं होतं, याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणायला हवा.

इतर शाळांत

सत्तरच्या दशकात अमेरिकेत याच वाटेने शाळांची अनेक नियतकालिकं निघाली. मेन राज्यातल्या केनेबंक गावी ‘सॉल्ट’ निघालं, त्यात समुद्रकाठचे कोळी आणि खेकडे-शेवंडवाले होते. मिसुरी राज्यात लेबनन गावच्या शाळेने १९७३ ते १९८३ अशी दहा वर्षं ‘बिटरस्वीट’ चालवलं. न्यू मेक्सिकोत रामा इथल्या नवाजो आदिवासी मुलांनी स्वतःच्या समाजाचं मासिक काढलं. आदिवासींवर तोवर बाहेरचे अभ्यासक लिहीत आले होते, म्हणून ते मला यांत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

महाविद्यालयीन पातळीवरचं जुनं उदाहरण त्याच मिसुरीतलं आहे. तिथल्या विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेचं महाविद्यालय सुरू झालं आणि शिकवणीच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्र काढलं. ते विद्यापीठापुरतं नव्हतं, कोलंबिया शहराचं होतं. नगरपालिका, शाळा, अपघात, मयत सगळं त्यात येई. बातमीदार विद्यार्थी आणि संपादक अनुभवी शिक्षक, ही पद्धत तिथे अजून चालते.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे परिसरातल्या साध्या माणसांवर लिहिण्याची परंपरा मोठी आहे. अनिल अवचटांनी हमाल, विडी कामगार, दुष्काळात गाव सोडून आलेली कुटुंबं यांच्यामागे हिंडून जे लिहिलं, त्याने मराठीतल्या दोन-तीन पिढ्यांना माणसाकडे पाहायला शिकवलं. विद्यार्थ्यांच्या हातून असं काम व्हायला मात्र व्यवस्था लागते. ती व्यवस्था आपल्याकडे तुकड्यातुकड्यांत आहे.

त्यातला एक तुकडा म्हणजे ‘परी’, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४मध्ये मुंबईतून ते सुरू केलं. साध्या माणसांचं रोजचं जगणं नोंदवायचं, हे त्याचं ध्येय. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते वाचता येतं. ‘परी’चा शिक्षण विभाग शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांकडून त्यांच्या आसपासच्या माणसांविषयी लिहून घेतो, संपादक त्यांच्याबरोबर बसून मजकूर घडवतात आणि तो व्यावसायिक पत्रकारांच्या लेखांशेजारी प्रसिद्ध होतो. आपलं लिखाण ‘मुलांचा कोपरा’ म्हणून वेगळं काढलं जात नाही, याने मुलाच्या कामात जो फरक पडतो तो कुठल्याही बक्षिसाने पडत नाही.

‘परी’च्याच संग्रहात जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून ऐंशीच्या दशकात हे काम उभं केलं. महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून लाखावर ओव्या त्यांच्या सहकाऱ्यांनी उतरवून घेतल्या. हे विद्यार्थ्यांचं काम नव्हतं, पण विद्यार्थ्यांनी त्यातून एक गोष्ट जरूर उचलावी. ओवी ‘लोकसाहित्य’ म्हणून बेवारस ठेवलेली नाही. गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, तिची थोडक्यात माहिती तिथे आहे. ओवी शेकडो वर्षांची असली तरी त्या दिवशी ती कुणी गायली, याला किंमत आहे.

रेडिओचं आपल्याकडे एक विशेष आहे. २००२च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र १ फेब्रुवारी २००४ला सुरू झालं आणि पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ त्यानंतर. २००६मध्ये धोरण स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाला पाहिजे, असा नियम आहे. पण स्वतःच्या बातम्या द्यायला या केंद्रांना मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, तेवढंच. हा निर्बंध मला अन्यायकारक वाटतो. तरी त्यामुळे एक वाट मोकळी राहिली आहे. गावातल्या सुईणीची, विहीर खणणाऱ्या वडाराची, एसटीच्या निवृत्त वाहकाची जीवनकथा बातमीत मोडत नाही. ती सांगायला कुणी अडवत नाही आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याही कानावर ती पडते.

शाळा-महाविद्यालयांतही जागा आहे. बारावीच्या मराठीत उपयोजित लेखनात मुलाखत आणि वृत्तलेख शिकवले जातात. परीक्षेला मात्र काल्पनिक मुलाखत लिहून मुलं मोकळी होतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९पासून चालू आहे. तिच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात पन्नासेक मुलं एका गावात राहतात, बांध घालतात, गटारं साफ करतात. संध्याकाळी त्यांच्यासाठी बाहेरून व्याख्याते बोलावले जातात. त्यातल्या दोन संध्याकाळी तरी गावातल्या माणसांनी बोलावं आणि मुलांनी लिहून घ्यावं.

घाई करण्याचं कारणही आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या हौसाताई पाटील २०२१मध्ये गेल्या, त्याच प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड २०२२मध्ये. साईनाथ त्यांच्यापर्यंत वेळेत पोचले म्हणून ७ जून १९४३ला शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची रोकड घेऊन जाणारी गाडी कशी अडवली, हे ती अडवणाऱ्याच्याच तोंडून आपल्याला मिळालं. सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी घरांत निरोप पोचवणाऱ्या, भाकरी पुरवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही.

माणूस निवडताना

मुलांना ‘एखादी व्यक्ती निवडा’ म्हटलं की ती सरपंच, निवृत्त मुख्याध्यापक नाहीतर पुरस्कारप्राप्त शेतकरी निवडतात. या माणसांची मुलाखत देण्याची तयारी आधीच झालेली असते, त्यामुळे ती ठरीव बोलतात. त्यापेक्षा ज्याच्याकडे गावाचं रोज काम पडतं पण ज्याला कुणी काही विचारत नाही, असा माणूस शोधावा. पाणी सोडणारा, स्मशानात लाकडं रचणारा, पोषण आहार शिजवणारी ताई, आठवडी बाजारात बांगड्या भरणारी कासारीण. मुलींना बायकांकडे पाठवलं तर बोलणं मोकळं होतं. आणि वस्ती बदलायला हवी: सगळी मुलं आपापल्याच आळीतल्या माणसाकडे गेली, तर अंकात गावाची अर्धी माणसं येतच नाहीत.

प्रश्न आणि तारखा

‘तुम्हाला काय वाटलं?’ हा वृत्तवाहिन्यांनी मुलांच्या तोंडी बसवलेला प्रश्न. त्याला ‘बरं वाटलं’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘मग तुम्ही काय केलं?’, ‘तेव्हा घरात कोण कोण होतं?’, ‘ते किती वाजता?’, ‘हातात काय होतं?’ हे प्रश्न साधे वाटतात, पण यांनी माणूस त्या दिवसात परत जातो. आणि उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडं थांबलं की माणूस बहुतेक वेळा आणखी काहीतरी सांगतो, आणि तेच कामाचं निघतं.

म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. म्हणून मुलांनी प्रसंगांचीच मोजपट्टी घेऊन जावी. ‘बहात्तरच्या दुष्काळात आजी तुमचं लग्न झालेलं होतं का? रोजगार हमीच्या कामावर गेला होता का? रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लीय का?’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा. असा एक प्रसंग सापडला की त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं आयुष्य लावता येतं. कागदावरच्या जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नये. १ जून ही तारीख महाराष्ट्रातल्या हजारो माणसांना गुरुजींनी शाळेत नाव घालताना दिलेली आहे.

आठवण आणि पुरावा

माणसाची आठवण खोटी नसते, पण ती सरकते. दोन पुरांचा एक पूर होतो, ऐकलेलं पाहिलेलं होऊन बसतं. म्हणून आठवणीला जोड लागते. सातबारा आणि फेरफार, ग्रामपंचायतीची ठरावांची वही, शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, तालुक्याच्या वाचनालयातले जुने अंक यांतली निदान एक गोष्ट पाहिल्याशिवाय लेख पुरा धरू नये. कागद आणि आठवण जुळली नाहीत तर दोन्ही छापावीत. कागदच खरा असं प्रत्येक वेळी नसतं. ज्याच्या हातात लेखणी होती त्याने काय लिहिलं आणि काय सोडलं, हे आपल्या गावांइतकं कुणाला माहीत असणार? एखाद्या जिवंत माणसावर आरोप असेल, तर त्याची बाजू विचारल्याशिवाय ओळसुद्धा छापायची नाही. शाळेचा अंक आहे म्हणून या नियमातून सूट मिळत नाही.

उतरवून काढणं आणि बोली

तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात. मोबाइलवर आता आपोआप अक्षरं उमटतात, पण अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीत ती फसतात. शिवाय ते काम हाताने केल्याने मूल बोलणं दुसऱ्यांदा ऐकतं आणि पहिल्यांदा निसटलेलं त्याला सापडतं.

बोलीचं काय करायचं, यावर शिक्षकांत नेहमी वाद होतो. सगळं पुणेरी मराठीत आणलं की माणूस नाहीसा होतो. उलट प्रत्येक उच्चार जसाच्या तसा छापला की त्याची टवाळी होते. नाटकातल्या गावकऱ्यासारखं ते वाचलं जातं. माझ्या मते शब्द आणि वाक्याची ठेवण सांगणाऱ्याची ठेवावी, शुद्धलेखनाची मोडतोड करून गावठीपणा दाखवू नये. तो ‘सांजच्याला’ म्हणाला असेल तर ‘सायंकाळी’ करू नये. कळणार नाही असा शब्द आला तर लगोलग वाक्यातच त्याचा अर्थ उलगडावा. आणि हाच नियम डॉक्टर, वकिलांच्या बोलण्यालाही लावावा, नाहीतर बोली फक्त गरिबांचीच उरते.

संमती, नाव, फोटो

मुलाखतीआधी तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: आम्ही हे कशासाठी घेतोय, कुठे छापणार किंवा ऐकवणार, आणि तुम्हाला नको वाटलं तर कोणता भाग केव्हापर्यंत काढता येईल. संमती टेपवरच घ्यावी. अंगठ्याच्या कागदापेक्षा ती खरी. इंटरनेटवर टाकणं आणि गावात छापणं यांची परवानगी वेगवेगळी घ्यावी. गावातल्या लोकांपुढे नवऱ्याच्या दारूविषयी बोलायला तयार असलेली बाई मुंबईतल्या सुनेच्या मोबाइलवर ते जाऊ नये असं म्हणू शकते, आणि तो तिचा हक्क आहे.

काही बाबतींत निर्णय कायद्याने आधीच घेतलेला आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२प्रमाणे उघड करता येत नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम ७४प्रमाणे देता येत नाही. शिक्षकाने हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहावं. नाव गाळून ओळख झाकली जात नाही. लहान गावात ‘पिठाच्या गिरणीशेजारची विधवा’ एवढं पुरेसं होतं.

छापायच्या आधी मजकूर वाचून दाखवावा का? मोठ्या वर्तमानपत्रांतले बरेच पत्रकार नको म्हणतात, कारण राजकारणी आपलंच विधान फिरवतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहे. सत्ता असलेल्या माणसाच्या हातात मजकूर आधी देऊ नये. पण ज्याने आयुष्य उघडं करून दाखवलं त्या माणसाला ते वाचून दाखवणं वेगळं. त्यातून चुका दुरुस्त होतात, आणि बरेचदा ‘अगं, हे राहिलं’ म्हणत तो नवीन काही सांगतो.

नंतर

अंक निघाला की पहिली प्रत सांगणाऱ्याच्या हातात, आणि ती लिहिणाऱ्या मुलानेच नेऊन द्यावी. वाचता येत नसेल तर तिथे बसून वाचून दाखवावी. फोटो छापला असेल तर त्याची चांगली प्रत वेगळी द्यावी. कित्येक घरांत आजोबांचा तेवढा एकच फोटो निघतो.

मूळ ध्वनिमुद्रण शिक्षकाच्या मोबाइलमध्ये पडून राहतं आणि मोबाइल बदलला की जातं. त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत. प्रत्येक फाइलच्या नावात सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालावी. सोबतच्या कागदावर विचारणाऱ्यांची नावं, कुठल्या मिनिटाला कुठला विषय आहे आणि कोणता भाग कुणाला ऐकवायचा नाही, हे लिहून ठेवावं. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तो कागद वाचूनच त्या घरी जावं, म्हणजे आजींना तेच प्रश्न पुन्हा विचारले जाणार नाहीत.